डिकीतला रामजन्म

रामनवमीला बाराच्या ठोक्याला राम जन्माला यायलाच हवा, आणि डिचोलीकडच्या त्या डोंगरावरच्या देवळात तो आमच्या बाबाजीबुवांच्या कीर्तनातूनच येतो. मी त्यांचा पेटीवाला. त्या दिवशी आम्हाला हळर्ण गावाहून देवळात न्यायला गोकुळदास आला. खाणीवरचा ट्रक विकून त्याने ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. तिला क्लच नाही, म्हणजे तिला काही दुखतखुपतही नाही, असा त्याचा समज.

गोकुळदास फार भाविक. वाटेवरचा एकही देव चुकवायचा नाही, आणि आमच्याकडे तर वळणावळणाला देव. नमस्कार करताना दोन्ही हात मोकळे हवेत, पाय कशावर टेकलेले नकोत. म्हणून घुमटी दिसली, की तो चालत्या गाडीतच गिअरचा दांडा ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर, ढकलून मांडी घालायचा. खालून कटकटकट आवाज यायचा. घुमटी मागे पडली, तर गाडी पुढे पळत असतानाच रिव्हर्सचा ‘आर’. चढावर न्यूट्रलचा ‘एन’, हात जोडेपर्यंत गाडी मागे घसरू लागे, मग तशीच घसरताना पुढे जायचा ‘डी’ आणि भरपूर पेट्रोल. हँडब्रेकला त्याने पहिल्याच दिवशी कुंकू लावलं होतं. तेव्हापासून त्याला हात लावला नव्हता.

बुवा शेवटी म्हणाले, “अरे, आदी गाडी थांबय. देव खंय पळान जाता?”

“पण बुवा, ब्रेकार पाय ठेवन देवाक नमस्कार कसो करू?”

बुवांना पुराणं मुखोद्गत. ब्रेकचा दाखला मात्र एकातही सापडेना.

देवळाखालच्या चढावर ‘डी’ कायमचा गेला. इंजिन ओरडे, गाडी हलेना. बुवांचे गुडघे गेलेले, चढ चालणं अशक्य. देवळात भजन रंगलेलं, फोन कोण उचलणार? गोकुळदासने घाबरत ‘आर’ टाकून पाहिला, तर गाडी आज्ञाधारकपणे मागे सरकली. मग गाडीचं तोंड उताराकडे फिरवून आम्ही उलटेच चढू लागलो. उशीर झालाच होता; बुवांनी मागच्या सीटवर कीर्तन सुरू केलं, मी मांडीवर पेटी घेतली. गोकुळदासला मागची काच बघायची, म्हणजे बुवांकडे तोंड करूनच बसणं भाग. इतका एकाग्र श्रोता बुवांना आजवर मिळाला नव्हता.

देऊळ दिसू लागलं आणि त्याच्या अलीकडे सातेरी देवीची घुमटी आली. गोकुळदासचा हात दांड्यावर गेला. त्याने बुवांकडे पाहिलं. मग ब्रेक दाबून गाडी पुरती थांबवली, कुंकवाचा हँडब्रेक ओढला, ‘पी’ टाकला, पाय वर घेतले आणि डोळे मिटून हात जोडले. सावकाश. बारा वाजायला आले तरी तो डोळे उघडेना.

पेटीचा सूर ऐकून माणसं देवळातून धावत आली, मागोमाग बायका पाळणा घेऊन. बुवा आख्यान सोडेनात, म्हणून डिकी उघडून पाळणा तिच्यातच ठेवला. बाराला राम जन्मला. गुलाल उधळला, घंटा वाजल्या, सुंठवडा वाटला. मग बुवांना वर न्यायला चौघांनी खुर्चीत बसवून उचललं.

गोकुळदास मात्र चपला हातात घेऊन गाडीबाहेर उभा.

“बस ना आता,” मी म्हटलं.

“हिच्यात राम जन्मलो,” तो म्हणाला. “आता हिका पाय कसो लावू?”

बुवा खुर्चीतूनच मला म्हणाले, “लावूक सांगू नको हां. गाडी वाचली.”