वेशीवरची पेशी

मी एक भक्षक पेशी बोलतेय, मालसूनच्या पानथरीतली, म्हणजे प्लीहेतली. मालसून म्हणजे कोरियातल्या जेजू बेटाच्या समुद्रात बुड्या मारून शंखशिंपले काढणारी बाई. तिला वाटतं, ती दम धरते तो छातीच्या जोरावर. कौतुक नेहमी छातीचंच होतं. खोल पाण्यात पानथरी स्वतःला आवळून साठवलेलं रक्त तिला द्यायची आणि आत आमची चेंगराचेंगरी व्हायची, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

डाव्या बरगड्यांखालची ही मूठभर वस्ती. मध्ये जंतू ओळखायला शिकलेल्या पेशींच्या पांढऱ्या आळ्या, बाहेर रक्ताचा तांबडा पसारा आणि दोहोंच्या मध्ये वेस. वेशीवर आम्ही. काही जंतू अंगावर जाड झूल पांघरून येतात, बाकीच्यांना फसवतात. आम्ही त्यांना धरायचो, गिळायचो, आतल्या आळ्यांना वर्दी द्यायचो. मालसून सकाळी पुन्हा समुद्रावर हजर.

परवा ती खडकावरून घसरली आणि बरगड्यांवर आपटली. लेक ह्येरान दवाखान्यात चल म्हणून मागे लागली, पण बाईंनी डोकेदुखीची पुडी तोंडात टाकली आणि पुन्हा उतरल्या. दुखणं दबलं, पानथरीला गेलेली चीर दबली नाही. आज किनाऱ्यावर येताच ती कोसळली.

डॉक्टर म्हणाले, पानथरी काढावी लागेल.

"तिच्याशिवाय पाण्यात उतरता येईल ना?" मालसूननं एवढंच विचारलं.

"जखम भरल्यावर बघू. पण यापुढे ताप आला, तर घरी थांबायचं नाही. लगेच यायचं."

"ताप? मला कधी येतच नाही हो," ती म्हणाली. एवढं रक्त गेलेलं, तरी हसली.

मला रडू आलं. येत नव्हता, कारण आम्ही येऊ देत नव्हतो गं!

आता पानथरी स्टीलच्या ताटात आहे. गार होत चाललीय. आतल्या आळ्या गप्प झाल्यात. मालसूनला माझी ओळख कधी पटली नाही, त्याचं मला काही वाटत नाही. पण तिची वेस उघडी पडली, हे सहन होत नाही.

ह्येरान, तुझ्या आईला त्या झूलवाल्या जंतूंवरची लस दे, पण तेवढ्यावर विसंबून राहू नकोस. एखाद्या दिवशी तिला हुडहुडी भरेल आणि ती म्हणेल, काही नाही गं, आज पाणीच गार होतं. तिचं ऐकू नकोस, बाई. तशीच उचल आणि इथे घेऊन ये.