आमंत्रण कोणत्या दारानं आलं

माझी मैत्रीण पद्मिनी. तिचा भाचा प्रथमेश इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला माझ्याकडे राहायला आला, तेव्हा त्याची नोकरी जाऊन चाळीस दिवस झाले होते. व्हिसाच्या नियमानं मिळणाऱ्या साठांतले उरले वीस. तेवढ्यात दुसरी मिळाली नाही तर पुण्याला परत. मुलगा नेटवर्कमधला जाणकार, पण मुलाखतीत गडबडायचा. शब्द सगळे पाठ. अर्थ विचारला की पुन्हा तेच शब्द.

बुधवारी मुलाखत होती. मंगळवारी मी त्याला समोर बसवलं. पन्नासेक वर्षांपूर्वी मी इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षा दिल्या, तेव्हा आमचे हे असेच प्रश्न विचारत आणि मी चुकले की मनसोक्त हसत. ती विद्या मी विसरलेली नाही.

मल्टिकास्ट त्यानं बरं सांगितलं. शंभर जणांना एकाच निरोपाच्या शंभर प्रती धाडायच्या नाहीत. एकच धाडायची आणि वाट जिथे फुटते तिथेच दुसरी प्रत काढायची. हवं असेल त्यानं जॉइन म्हणायचं. ज्या फांदीवर कुणालाच नको ती छाटायची, ते प्रून. मी म्हटलं, आमच्या मंडळाला शिकव हे, नको म्हटलं तरी त्यांच्या ईमेल येतात.

रिव्हर्स पाथ फॉरवर्डिंगला मात्र गाडी अडली. पुस्तकातलं वाक्य त्यानं तीनदा म्हटलं, तीनदा मी जांभई दिली.

"मावशी, हे नॉन-टेक्निकल माणसाला एक्सप्लेन नाही करता येत."

"माझे पेशंटसुद्धा मेडिकल कॉलेजात गेलेले नसत, राजा."

मग वैतागून तो साधं बोलला. राउटरकडे काही आलं की तो बघतो, पाठवणाऱ्याकडे उलट जायचं तर मी कोणत्या दारानं गेलो असतो? त्याच दारानं आलं असेल तर घेतो, पुढे देतो. दुसऱ्या दारानं आलं तर टाकून देतो.

मला हसू आवरेना. माझ्या लग्नाचं आमंत्रण साताऱ्याच्या नानामामांना वडिलांनी द्यायचं, ते आत्याच्या दिरानं जाता जाता देऊन टाकलं. पत्रिका तीच, अक्षता त्याच. पण मामा लग्नाला आले नाहीत. आमच्या घरचं आमंत्रण परक्या हातून कसं आलं, एवढंच म्हणाले.

"तुझा राउटर तसलाच मानकरी दिसतो."

"मामा रुसले, मावशी. राउटर रुसत नाही."

"मग चांगलं आमंत्रण टाकतो कशाला?"

तो पुस्तकाची पानं उलटू लागला. याचं उत्तर पाठ नव्हतं.

बुधवारी तो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला, मी स्वयंपाकघरात. पडद्यावरच्या बाईंनी नेमकं तेच विचारलं. मी आमटीखालचा गॅस बंद केला, आवाज नको म्हणून.

मग तो इंग्रजीत सावकाश बोलू लागला. आमच्या घरात एक मामा होते, म्हणाला. (होते माझे, असो.) त्यांनी रुसून आमंत्रण नाकारलं, राउटर नाकारतो ते योग्य दारानं तेच येणार असतं म्हणून. आडवाटेनं आलेली प्रतसुद्धा प्रत्येकानं पुढे ढकलली, तर एकच आमंत्रण गावभर गोल फिरत राहील, कधीच थांबणार नाही.

बाई हसल्या. पुढचा अर्धा तास तो पुस्तकातलं एकही वाक्य बोलला नाही.

शुक्रवारी होकार आला, नोकरी टेक्ससमध्ये अर्विंगला. व्हिसाचे कागद मुदतीच्या पाच दिवस आधी गेले. निघताना तो वाकून नमस्कार करायला लागला तेव्हा मी म्हटलं, तिकडे ऊन कडक असतं, टोपी घे. ऑफिस एसी आहे, म्हणाला. पोचल्यावर फोन करायला विसरला. दुसऱ्या दिवशी मीच केला.