एकोणचाळीस नावांचं पान

गणकयंत्राच्या कोबॉल भाषेचं नाव काढलं की कानिफनाथ वाकचौरेच्या कपाळाला आठी पडे. कलेक्टरकडे अर्ज केल्यासारखी इंग्रजीत लांबलचक वाक्यं लिहायची आणि यंत्राने ती आपल्या सवडीने समजून घ्यायची, हे त्याला पटत नसे. त्याचा जीव ऑटोकोडर या जुन्या, यंत्राला जवळच्या भाषेवर. अक्षरं तोडकी, पण यंत्राच्या पोटातली एकेक जागा बोट ठेवून दाखवता येते. सावेडीतल्या आपल्या खोलीत रविवारी रेडिओ जोडतानाही त्याची तीच तऱ्हा होती. कागदावर आकृती काढायची नाही, थेट कथिलाचा डाग द्यायचा. विहिरीत पाणी किती उरलंय ते सांगणारी एक घंटासुद्धा त्याने अशीच बसवली होती, आणि ती वाजतही होती. त्यामुळे गडी जरा फुगला होता, खोटं कशाला बोला.

नगरच्या ज्या गणकयंत्र केंद्रात तो नोकरीला होता, तिथले साहेब अजीज इनामदार. ते शांतपणे एकच गोष्ट सांगत.

"कानिफ, कोबॉलमध्ये लिही. उद्या तू आजारी पडलास तर तुझी गिचमिड वाचायला मी कुणाला बोलावू?"

"साहेब, आपल्या यंत्रात ते मावायचं नाही."

हे अर्धंच खरं होतं. थोडी ओढाताण केली असती तर मावलं असतं.

त्या दुष्काळाच्या साली एका साखर कारखान्याने ऊसतोडणीच्या पाळ्या लावायचं काम केंद्राकडे दिलं. दर पंधरवड्याला यंत्र ऊस लागणीच्या तारखांच्या क्रमाने यादी छापायचं आणि कारखान्याचा माणूस ती गावोगावच्या चावडीवर वाचायचा. ज्याचं नाव येईल त्याच्या शेतात टोळी शिरायची. पूर्वी ही यादी माणसं करत तेव्हा वशिल्यावरून रान उठायचं, पार डोकी फुटेपर्यंत. यंत्राला ना सोयरा ना जावई, म्हणून यंदा सगळे गप्प होते. चार याद्या झाल्या, एक तक्रार नाही. कानिफ हे भेटेल त्याला ऐकवत असे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सूर्यभान त्याच्या खोलीवर आला. चावडीवर यादी वाचणारा कारखान्याचा कारकून तो हाच. त्याचा रेडिओ बंद पडला होता. कानिफने मागचं झाकण उघडलं आणि सूर्यभान चहा पीत बोलत बसला.

"पुनतांब्याच्या राहीबाईचा ऊस वाळून चाललाय बघा. हिरीनं तळ गाठला. तिची लागन आन शेजारच्या बन्सीची एकाच दिसाची. त्याचा तुटून म्हैना झाला, हिचं नावच न्हाई."

"त्यांनी विचारलं नाही कुणाला?"

"कुनाला इचारनार? म्हनती, मशीननं लावलंय, यील पाळी."

कानिफचा हात थांबला. बन्सीचं नाव यादीत कुठे होतं, असं त्याने विचारलं. सूर्यभानच्या पिशवीत जुन्या याद्यांच्या घड्या होत्याच. बन्सी दुसऱ्या पानावर पहिला होता. कानिफने पहिल्या पानावरची नावं मोजली. एका पानावर चाळीस नावं यायला हवीत. एकोणचाळीस भरली. त्याने पुन्हा मोजली, मग पुढचं पान घेतलं. तिथेही एकोणचाळीसच.

जागा वाचवायला त्याने पानाचा मथळा आणि छापायचं नाव यंत्रात एकाच ठिकाणी ठेवलं होतं. या युक्तीचा त्याला केवढा अभिमान. आता कळत होतं की पान संपत आलं की नवा मथळा येऊन बसतो आणि छापायचं राहिलेलं चाळिसावं नाव पुसून टाकतो. दर पानाला एक माणूस गळत होता. चार याद्यांची मिळून सव्वीस भरलेली पानं झाली होती. ज्याचं नाव गळलं तो यंत्रावर भरवसा ठेवून घरी बसला होता.

सूर्यभान गेल्यावर कानिफ तसाच बसून राहिला. मन चोरवाटा शोधत होतं. उद्या गुपचूप चूक दुरुस्त करावी, राहीबाईच्या नावाचं भोकं पाडलेलं कार्ड पुढच्या यादीच्या गठ्ठ्यात सरकवून द्यावं. कुणाला कळणार? त्याचं ऑटोकोडर वाचणारा दुसरा कुणी केंद्रात नव्हताच. पण हे मनात आलं आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली. राहीबाई कळली म्हणून तिचं कार्ड सरकवायचं, मग बाकीच्या पंचवीस जणांचं काय? आणि हा वशिला नाही तर काय?

दुपारी तो अजीजसाहेबांच्या घरी गेला. त्याने पहिल्या पानापासून सगळं सांगितलं. नोकरी गेली असंच तो धरून चालला होता. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"उद्या कार्डं आणि याद्या समोर ठेवून नावं शोध," ते म्हणाले. "कारखान्याला मी सांगतो, टोळ्या लगेच पाठवा म्हणून. पण त्या लोकांकडे तू जा. चिठ्ठी पाठवू नकोस."

सोमवारी सव्वीस नावं सापडली. मंगळवारी पहिल्या एसटीने कानिफ पुणतांब्याला उतरला. राहीबाईचं रान विचारत तो गेला, तर बांधावरून नुसते बुडखे दिसले. ऊस नव्हताच. एक उंच, वाळकी बाई पाचट गोळा करत होती.

"राहीबाई तुमीच का, मावशी?"

"व्हय. परवा तोडला समदा. छावनीतल्या गुरांस्नी घातला. जळून जान्यापरीस मुक्या जिवाच्या पोटात गेला. तुमी कोन?"

"नगरास्नं आलोय. तुमचं नाव माझ्या हातनं गळालं, मावशी. ती यादी मशीननं छापली, पन लावली मी हुती."

राहीबाईने हातातलं पाचट खाली ठेवलं. ती ओरडेल, शिव्या देईल, म्हणून कानिफ मान खाली घालून उभा होता. त्याला तेच हवं होतं.

"म्हंजी मशीनीमागं मानूस हुता?"

"व्हय."

"आन मला कुनी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "मानूस हाय म्हनून ठावं असतं, तर पयल्याच यादीला भांडाया आले असते की."