खिडकीचा गज

प्राप्तीला अंगणवाडीत सोडणं हे अल्पेशचं काम. ट्रेलर उलटून कमरेखालचं अंग गेल्यापासून त्याच्या वाट्याला उरलेलं एवढं एकच. लेकीला मांडीवर घ्यायचं, मोटरच्या खुर्चीची कांडी पुढे दाबायची आणि तोंडानं ट्रेलरचा हॉर्न वाजवत रेवदंड्याच्या बोळातून जायचं. आज खुर्ची पडवीतच अडली. मोटर घूं करायची, चाकं हलायची नाहीत. प्राप्ती शेजारणीचा हात धरून रडतच गेली.

त्याची बायको कल्पिता पाना घेऊन खाली बसली.

"बॅटरी भरलेली हाय," अल्पेश म्हणाला. एका हातानं त्यानं खिडकीचा गज धरला होता. "वायरी बघ. खाऱ्या हवेनं गंज धरतो."

"एवढी वर्षं ट्रेलर चालवलात, कधी बोनेट उघडलंत?"

"क्लीनर होता ना. आता तू हायस."

हसू आलंच तिला. तिनं वायरींची टोकं घासून पुन्हा लावली. नुसतं घूं. चाकात काही अडकलंय का म्हणून बोटं घातली, तर हाताला ओली वाळू लागली. बोळात कुठली वाळू? ती खाली, खाडीच्या उतारावर. काल संध्याकाळी तर नाक्यावर जातो म्हणाला होता.

मग तिचा हात मोटरीजवळच्या तांबड्या दांडीला लागला. दांडी वर होती. खुर्ची हातानं ढकलायची असली तरच ती वर करायची. दोन्हीकडच्या वर होत्या.

दारात सासू, बायजा, सुके बोंबील निवडत होती. तिचे हात थांबले होते.

"आई?"

"मीच केल्या." बायजाचा आवाज फुटला. "काल बघला मी त्याला. पान्यात चाकं घालून बसलेला. हाका मारल्या, वळला न्हाय. दुरुस्तीवाल्यानं सांगितलेलं, दांड्या वर केल्या की मोटर वढत न्हाय. आता जा म्हनावं."

बोंबील तिथंच टाकून ती पदर तोंडाशी धरत आत गेली.

दुरुस्तीवाला आणखी एक बोलला होता. दांडी वर केली की ब्रेकही सुटतो. पडवी उतरती, पुढं खुर्चीसाठी केलेला सिमेंटचा उतार, आणि बोळ सरळ खाडीत. कल्पितानं वर पाहिलं. गजावरच्या मुठीची हाडं पांढरी पडली होती.

तिनं दोन्ही दांड्या खाली दाबल्या. खट्. खट्.

"सोडा आता."

त्याला सोडता येईना. तिनं एकेक बोट सोडवलं. तळव्यावर गंजाचा पट्टा उमटला होता.

"ब्रेक सुटलाय हे सकाळपासून माहीत होतं?"

"आय समोरच बसलेली. काय बोलू? तिला ब्रेकचं सांगू नको."

"काल पाण्यात कशाला गेला होतात?"

पायांकडे बघत तो म्हणाला, "भरतीचं पाणी लागलं तर कळतं का, ते बघायला."

"मग?"

"न्हाय कळलं."

तिनं पदरानं त्याचा तळवा पुसला. गंज निघेना.

"जा," ती म्हणाली. "पोरगी रडत गेलीय, तिला हॉर्न ऐकवून या."

खुर्ची निघाली. आतून बायजा ओरडली, "सोडलास त्याला? पुन्यांदा गेला तर?"

"येतील ते, आई."

यापेक्षा जास्त तिला सांगता येणार नव्हतं. गज अजून कोमट होता. तिनं तो धरला, आणि मोटरीचा आवाज अंगणवाडीच्या वळणाला लागेपर्यंत सोडला नाही.