मॅनेजरची अर्धी गोळी

त्या गल्लीचं एकमत आजवर एकदाच झालं होतं, आणि तेही मॅनेजरच्या विरोधात.

मॅनेजर म्हणजे फोरमनकाकांचा कुत्रा. काका तीस वर्षं कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यावर आठवड्याभरात त्यांनी एक पिवळट, एक कान पडलेलं पिल्लू घरी आणलं आणि हे नाव ठेवलं. "तीस वर्षं मॅनेजरला अहो-जाहो केलं," ते म्हणाले, "आता जरा अरे-तुरे करून बघतो." पुढे काकू गेल्या. मुलगी दूर देशी स्थिरावली आणि दर रविवारी फोनवर तब्येतीची चौकशी करू लागली. घरात अरे-तुरे करायला मॅनेजर तेवढा उरला.

मॅनेजरनेही नावाची लाज राखली. काम कधी केलं नाही आणि दुसऱ्याला करू दिलं नाही. शिंप्याच्या दुकानातून त्याने एका पॅंटचा शिवून झालेला डावा पाय पळवला. उजवा आज घेऊन जा, डावा नंतर देतो, असं शिंप्याने गिऱ्हाइकाला सांगून पाहिलं, पण जमलं नाही. बेकरीवाल्याचे बिस्किटांचे ट्रे त्याने दोनदा तपासले. ड्रायव्हरच्या बायकोने वाळत घातलेली चादर तो रोज खाली ओढायचा आणि तिच्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घ्यायचा. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई घरी शिकवणी घेत. तिथल्या मुलांवर तो इतका भुंके, की गृहपाठ न करण्याचं ते एक मान्यताप्राप्त कारण होऊन बसलं होतं. आणि कंपाउंडर संध्याकाळी औषधांच्या दुकानातून परतला, की मॅनेजर त्याच्या पॅंटला लटकून दारापर्यंत सोबत येई.

म्हणून मॅनेजरला उचलून न्यावं असा नगरपालिकेच्या नावे अर्ज झाला. तो लिहिला कंपाउंडरने, कारण औषधांच्या धंद्यात असूनही त्याचं अक्षर वाचता येत असे. पाच घरांच्या सह्या झाल्या. मग बाई म्हणाल्या की रीतसर व्हायचं तर अर्ज मालकालाही दाखवायला हवा. काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, 'उपद्रवी कुत्रा' खोडून तिथे 'मॅनेजर' लिहिलं, खाली 'मलाही त्रास होतो' अशी पुस्ती जोडली आणि सही ठोकली. जो कुणी त्या बाजूला जाईल त्याने तो नगरपालिकेत द्यायचा, असं ठरलं. आठ महिने झाले, त्या बाजूला कुणाला जावंच लागलं नाही. अर्ज कंपाउंडरच्या कपाटात साड्यांखाली पडून होता.

एका सकाळी फोरमनकाका कंपाउंडरच्या मागच्या दाराशी आले. पुढून न येता मागून आले म्हणजे काम नाजूक असणार, हे कंपाउंडरने ओळखलं.

"पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. पाच दिवस म्हणतायत," काका म्हणाले आणि एक जाड कागदाचं पाकीट पुढे केलं. "ह्यात अर्ध्या केलेल्या गोळ्या आहेत. मॅनेजरला दोन वर्षांपूर्वी झटके आले होते, तुला ठाऊक नसेल. रोज सकाळी अर्धी लागते. चुकली तर परत झटका येईल."

"देतो की, काका."

"आणि कुणाला बोलू नकोस. ह्या गल्लीत त्याच्या वाईटावर टपलेली माणसं आहेत. अर्ज केलाय त्यांनी."

"अर्ज मीच लिहिलाय, काका."

"माहीत आहे. अक्षरावरून कळलं. पण तू वेगळा. तुझ्या एकट्यावर भरवसा आहे माझा."

कंपाउंडर त्रेपन्न वर्षांचा होता. दुकानात मालक गल्ल्याची किल्ली त्याच्याकडे देत नसे, आणि घरी बायको त्याला साधी दुधाची पिशवी आणायला सांगून मागून फोन करत असे. एकट्यावर भरवसा, हे शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. त्याने पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि दिवसभर अधूनमधून चाचपलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याची बायको भल्या पहाटे मागचं दार किलकिलं करी आणि पावाच्या मऊ तुकड्यात गोळी दाबून मॅनेजरपुढे टाकी. तोही मागच्या बोळातून असा हजर होई, की जणू काका त्याला वेळापत्रक नेमून देऊन गेले होते. पुढच्या दाराने मात्र गल्ली त्याला पूर्वीसारखीच हाड-हाड करत होती, आणि त्यात कंपाउंडरचा आवाज मुद्दाम सगळ्यांत वरचा असे. संशय नको.

तिसऱ्या दिवशी गल्ली शांत झाली. चादर दोरीवर वाळली. मुलांना गृहपाठ करावा लागला. मॅनेजर काकांच्या पायरीवर पडून असे, कुणी आलं तर एक डोळा उघडी आणि विचार बदलून मिटी.

"वयाने शहाणपण येतं," बाई म्हणाल्या. "माणसांना येत नाही एवढंच."

"झुरतोय तो," कंपाउंडरची बायको म्हणाली. "मुकं जनावर. मालक गेला की कळतं त्यांना."

कंपाउंडरलाही ते पटलं. चौथ्या दिवशी मॅनेजर उठला तेव्हा त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकत होते. असे पाय कंपाउंडरने दुकानाच्या काउंटरवरून शेकड्यांनी पाहिले होते. झोपेचं औषध जास्त घेतलेली माणसं पायऱ्या उतरताना अशीच उतरतात. हे त्याला आठवलंही. पण अर्ध्या गोळीने असं होत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि आपण अर्धीच देतोय हेही. तेव्हा दुःखच असणार. दुःखाची मात्रा कुठल्याच डबीवर लिहिलेली नसते.

पाच दिवसांचे सात झाले. काकांच्या जखमेत पू झाला होता. कंपाउंडर हॉस्पिटलात भेटायला गेला, तेव्हा ते नळ्यांमध्ये पडून होते आणि नर्सच्या कामातल्या चुका काढत होते.

"मॅनेजर?" त्यांनी पहिला प्रश्न हाच केला.

"मजेत आहे. एकदम शांत."

"शांत?" काकांनी भुवया चढवल्या. "तो कशाला शांत बसेल?"

"तुमच्यावाचून करमत नाही त्याला. पायरी सोडत नाही."

काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.  मग म्हणाले, "गाढव आहे." पण ते असं म्हणाले, की कंपाउंडरला वाटलं, आपण ह्या माणसाला ऑपरेशनपेक्षा मोठी गोष्ट देऊन निघालो.

आठव्या दिवशी सकाळी मॅनेजर उठला नाही. ड्रायव्हरच्या बायकोने पाहिलं. तिने हाक मारली, मग हलवलं, मग खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ज्या चादरीवरून आठ महिने भांडण चाललं होतं, तीच तिने आणून त्याच्यावर घातली. गल्ली जमली.

"विष घातलं कुणीतरी," बेकरीवाला म्हणाला आणि शिंप्याकडे बघू लागला.

"माझ्याकडे काय बघता? पॅंटचा पाय गेला म्हणून मी जीव घेईन होय?"

"मी कुठे नाव घेतलं?"

"नाव घ्यायचं ठेवलंय काय आणखी?"

"थांबा," बाई म्हणाल्या. चाळीस वर्षं वर्ग गप्प करण्यात गेली होती. गल्लीही गप्प झाली. "विषाचा प्रश्नच नाही. त्याच्या प्रकृतीवर माझं लक्ष होतं. रोज सकाळी मी स्वतःच्या हाताने त्याला औषध देत होते."

 मग ड्रायव्हरच्या बायकोने बसल्या जागेवरून विचारलं, "कसलं औषध, बाई?"

"गोळी. पांढरी. अर्धी."

ड्रायव्हरची बायको उठून घरात गेली आणि पाकीट घेऊन आली. जाड कागदाचं. शिंप्याने मोजपट्टीच्या खणातून आपलं काढलं. बेकरीवाल्याचं रिकामं होतं. "मी दोन-दोन देत होतो," तो हळूच म्हणाला. "म्हटलं अर्धी काय द्यायची, आपण काय चिंधी आहोत? पाच दिवसांत संपल्या. मग नुसतं दूध-पाव." त्याने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "मला म्हणाले होते, तुझ्या एकट्यावर भरवसा आहे."

कंपाउंडरने आतल्या खिशात हात घातला. पाकीट बाहेर काढायची गरज नव्हती, तरी त्याने ते काढलं.

शिंपी तरुणपणी दोन वर्षं त्याच कारखान्यात काकांच्या हाताखाली होता. तो पायरीवर टेकला. "त्यांची पद्धतच ती," तो म्हणाला. "एक काम पाच जणांना वेगवेगळं बाजूला घेऊन सांगायचे. प्रत्येकाला वाटायचं आपण खास. म्हणायचे, चार जण टंगळमंगळ करतील, एक करेल. काम होतं."

"आणि कारखान्यात कधी पाचही जणांनी केलं नाही?" बाईंनी विचारलं.

"कधीच नाही."

मॅनेजरला काकांच्या परसात पुरलं. खड्डा बेकरीवाल्याने एकट्याने खणला, कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. मग सगळे कंपाउंडरच्या घरात जमले. उद्या दुपारी काका घरी येणार होते.

"खरं सांगायला हवं," बाई म्हणाल्या. "मी जन्मात खोटं बोललेले नाही."

"खरं म्हणजे काय, बाई?" कंपाउंडर म्हणाला. आपला आवाज इतका स्थिर कसा, ह्याचं त्याला नवल वाटलं. "काकांना सांगायचं, तुम्ही पाच घरांना सांगितलंत आणि पाचही घरांनी ऐकलं, म्हणून तो मेला, असं? तो माणूस त्या पायरीवर पुन्हा बसेल कसा? त्याला दुसरं आहे कोण?"

"मग काय सांगायचं?"

"कुणीच दिली नाही. विसरलो. झटका आला आणि गेला."

"मी एक दिवस चुकले नाही हो," ड्रायव्हरची बायको म्हणाली.  "ताप होता मला बुधवारी, तरी उठले. आणि आता विसरले म्हणून सांगू? ते म्हणतील, हिने मुद्दाम केलं. चादरीसाठी."

"म्हणतील."

"जन्मभर म्हणतील."

"हो, वहिनी."

 मग तिने आपलं पाकीट कंपाउंडरच्या हातात दिलं. बाईंनी सगळ्यांत शेवटी दिलं, आणि देताना म्हणाल्या, "हे शाळेत कुणाला कळता कामा नये." शाळा सोडून त्यांना अकरा वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडरने दुकानाच्या मागच्या टेबलावर ब्लेड घेऊन गोळ्या अर्ध्या केल्या. काका पाकिटं परत मागणार, हे नक्की होतं. कारखान्यातही भांडारात परत न आलेलं सामान त्यांना झोप लागू देत नसे. कंपाउंडर ज्या अचूकपणे तीस वर्षं पुड्या बांधत आला होता, त्याच अचूकपणे त्याने प्रत्येक पाकिटात पहिल्याइतके दहा तुकडे भरले आणि पाकिटं ज्याची त्याला परत दिली. एकही गोळी दिलेली नाही, असा हा पुरावा होता. करताना त्याचे हात थरथरले नाहीत, ह्याचंच त्याला वाईट वाटलं.

काका टॅक्सीतून उतरले आणि पायरीकडे बघत उभे राहिले. अंगावरचा सदरा दुसऱ्या कुणाचा वाटावा इतके ते उतरले होते. कंपाउंडर पुढे झाला. बाकीचे आपापल्या दारात उभे होते.

"केव्हा?" काकांनी विचारलं.

"काल सकाळी. झटका आला."

"गोळी?"

"राहिली, काका."

"एक दिवस राहिली?"

"सगळेच दिवस."

काकांनी बाईंच्या दाराकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. मग ते एकेका दारावर गेले. प्रत्येक दारात त्यांना पाकीट मिळालं, आणि प्रत्येक दारात तेच ऐकू आलं. ड्रायव्हरच्या बायकोने तर नुसतं पाकीट पुढे केलं. काकांनी पाकिटं उघडली नाहीत. हातावर तोललं एकेक, आणि त्यांना कळलं.

"खायला तरी घालत होतात का कुणी?"

"हो," कंपाउंडर म्हणाला. "सगळेच घालत होतो."

"तेव्हा गोळी आठवली नाही."

"नाही."

काका पायरीवर बसले. टाके दुखले असावेत, एक हात पोटावर गेला. ते रिकाम्या गल्लीकडे बघत राहिले, आणि कंपाउंडरला वाटलं, आता ह्या माणसाला रडू येईल आणि आपल्याच्याने हे तोंड मिटून ठेववणार नाही. पण काकांचा चेहरा हळूहळू सावरला. खाली काहीतरी जुनं, ओळखीचं सापडावं आणि त्यावर पाय टेकावेत, तसा.

"तुमचा दोष नाही," ते म्हणाले. "मी तुम्हाला ओळखून होतो. पाच जण घेतले, सहा घ्यायला हवे होते."

"हो, काका."

"जा आता. आणि ह्या दारात परत येऊ नकोस."

कंपाउंडर घरी आला. बायको मागच्या दाराशी पाठमोरी उभी होती, बोळाकडे बघत.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ओळखून होतो तुम्हाला."

तिने पदराने डोळे पुसले आणि दाराची कडी लावली. "झोप लागेल ना त्यांना?"

"लागेल," कंपाउंडर म्हणाला.