आमच्या ह्यांची पोझ

आमच्या ह्यांना न हलण्याचं बक्षीस मिळालेलं आहे. थट्टा नाही. विठ्ठलवाडीत आमच्या चाळीच्या जयंती मिरवणुकीत दरवर्षी चवदार तळ्याचा जिवंत देखावा असतो, आणि त्यात पाण्यावर वाकून ओंजळ धरलेला माणूस म्हणजे आमचे हे, जगन. ट्रकवर तीन तास जागचे हलत नाहीत. घरात मात्र एक काम सांगितलं की लगेच कंबर धरते.

म्हणून एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी हे मोरीत नळाखाली ओंजळ धरून वाकलेले दिसले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे पाणी तासभर येतं. "अहो, प्रॅक्टिस करायची तर कोरडी करा," मी म्हटलं. हे ढिम्म. मी नळ बंद केला, तरी ओंजळ तशीच.

या माणसाने मला आधी चारदा असं फसवलंय. एकदा तर तोंडाशी घास धरून दहा मिनिटं बसले, आणि मी किंचाळल्यावर घास गिळून हसले. तेव्हा या खेपेला आपण हरायचं नाही, असं मी ठरवलं. तळपायाला गुदगुल्या केल्या. तव्यावर मिरच्या भाजल्या. अख्खी चाळ खोकली, ह्यांची मात्र मान हलली नाही. शेवटी कानाशी जाऊन सांगितलं की माझी आई महिनाभर राहायला येतेय. त्यावरही चेहरा बदलला नाही, तेव्हा मला थोडं कौतुकच वाटलं.

तेवढ्यात जयंती कमिटीचा सेक्रेटरी प्रफुल्ल आला. "वहिनी, भाऊ रोलमध्ये घुसलाय. डिस्टर्ब नका करू," म्हणाला. शेजारपाजारचे दारात येऊन टाळ्या वाजवून गेले. गेले पंधरा दिवस हे झोपत नव्हते, धड बोलत नव्हते, ताटातलं चिवडून उठत होते. प्रफुल्लने त्यालाही तयारी म्हटलं आणि मी मान डोलावली. अकलेचं दिवाळं निघतं ते असं.

दुपारी आम्ही धरून त्यांना खाटेवर बसवलं. बसले, पण ओंजळ सुटली नाही. चहाचा घोट तोंडात घातला, तो ओठांतून परत आला. मी आधी बोल बोल बोलले, मग लक्षात आलं, थट्टा करणारा माणूस एवढा वेळ तहान सोसत नाही.

नणंदेची प्रियांका नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोन केल्यावर ती धावत आली. तिने मामाचा उजवा हात वर उचलला आणि सोडून दिला. हात तिथेच हवेत राहिला.

"वा, नवीन पोझ," प्रफुल्ल म्हणाला.

"प्रफुल्लमामा, गाडी काढा. हे नाटक नाहीये."

हॉस्पिटलच्या वाटेवर माजिवड्याच्या सिग्नलला ट्रॅफिक हवालदाराने ह्यांचा वर केलेला हात बघितला आणि समोरून सलाम ठोकला. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मला फार भीती वाटत होती.

हॉस्पिटलात शीला मॅडम म्हणून डॉक्टर होत्या. म्हणाल्या, "याला कॅटाटोनिया म्हणतात. मेंदू आणि मन, दोन्हींचा आजार. माणूस जागा असतो, पण शरीर हलवता येत नाही. हट्ट नाही, बाहेरची बाधा नाही. खाणंपिणं असंच बंद राहिलं तर जिवावर बेततं." कारण शोधायला तपासण्या लिहून दिल्या आणि आधी एक इंजेक्शन दिलं. "एरवी याने झोप येते. अशा पेशंटला पुष्कळदा उलट मोकळं करतं. वाट बघू."

वीसेक मिनिटांनी हात हळूहळू खाली आला. "मंजुळा," हे म्हणाले. आवाज पार बसलेला.

"तुम्हाला ऐकू येत होतं?"

"सगळं."

"आई येणार नाहीये," मी घाईघाईने सांगून टाकलं.

ह्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. "सकाळपासून या हातांना सांगत होतो, खाली या म्हणून. ऐकतच नव्हते. तुम्ही सगळे खूश, आणि मी आत ओरडतोय."

वीस वर्षं मी भांडतेय की हा माणूस माझं ऐकत नाही. त्या दिवशी मात्र त्याचं मीच दिवसभर ऐकलं नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

ह्यांनी डोळे मिटले. पुन्हा गेले की काय, म्हणून मी वाकून बघितलं. मग ओठांचा एक कोपरा हलला.

"परत बोल," हे म्हणाले.