बर्फवालीचा ढग

"ढग घरी करायचा," हामाउंदू सर म्हणाले, "आणि मंगळवारी येऊन काय दिसलं ते सांगायचं."

 मग मागच्या बाकावरचा मूनो गवंडी म्हणाला, "सर, घरी ढग करता येत असता तर माझा मका उभ्या उभ्या करपला असता का?"

वर्ग हसला. सरही हसले. चार वाजता मिशनच्या शाळेतली पोरं घरी गेली की त्यांच्या त्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आवळून बसायची. कोणी मिनीबसवरचा, कोणी घरकाम करणारी, एक कसाई. सगळ्यांना नववीचा दाखला हवा होता, आणि सर सगळ्यांहून लहान होते.

"सोपं आहे," सर म्हणाले. "काचेची बरणी घ्या. तळाशी गरम पाणी. वर झाकण उलटं ठेवा, त्यात बर्फ. आणि त्याआधी बरणीत—"

एवढ्यात खिडकीखालच्या रुळांवरून मालगाडी निघाली आणि पुढचं वाक्य तिच्या खडखडाटात गेलं. गाडी लांबलचक होती. शेवटचा डबा गेला तेव्हा सर फळा पुसत होते.

राहिलेलं कोणी विचारलं नाही, कारण बर्फ म्हटल्याबरोबर सगळे रोसारियाकडे वळून बघायला लागले होते.

"चूलवेच्या आईचं बरं आहे," शेजारची म्हणाली. "घरचंच दुकान." मग ते दुकान बंद पडल्याचं तिला आठवलं आणि ती खाली बघायला लागली.

रोसारिया म्वेम्बा म्हणजे आमच्या मोंझेच्या बसथांब्यावरची बर्फवाली. नवरा रेल्वेत सांधेवाला होता. तो गेल्यावर तिनं मोठा फ्रीझर घेतला आणि पिशव्यांतलं गोठवलेलं पाणी, गोरखचिंचेच्या आंबटगोड कांड्या विकायला लागली. लुसाकाहून लिव्हिंगस्टनकडे जाणारी बस थांबली की खिडक्यांतून हात बाहेर यायचे आणि तिच्या नावानं हाका. त्याच कांड्यांवर तिनं मुलीला, चूलवेला, शिकवलं, तिचं लग्न केलं, सासूला सांभाळलं.

मग पावसानं पाठ फिरवली. करिबाचं धरण तळाला गेलं आणि वीज गेली. आधी संध्याकाळची जायची, मग दिवसाची, मग पाहुणीसारखी अपरात्री येऊन उजाडायच्या आत निघून जायला लागली. तेवढ्यात पाणी गोठत नाही. रोसारियानं महिनाभर वाट पाहिली आणि फ्रीझरमध्ये मक्याचं पीठ ठेवायला सुरुवात केली. उंदीर तरी लागत नाहीत.

जिल्हा रुग्णालयाच्या धुलाईखान्यात जागा निघणार होती. त्याला नववीचा दाखला लागत होता. चादरी धुवायला नववी कशाला, असं तिनं कोणाला विचारलं नाही. सातवीत असताना, ब्याण्णवच्या दुष्काळात, मिशनच्या विहिरीवर रांगेत उभं राहायला घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून तिची शाळा सुटली होती. ती रांग संपेपर्यंत वर्ग पुढे निघून गेला होता. आता पुन्हा पाटीपुस्तक घेऊन निघताना पहिले काही दिवस ती वह्या कमरेला गुंडाळायच्या चितेंगेच्या घडीत लपवून न्यायची. हल्ली हातात धरून नेत होती.

घरी सासू, मालिया, दाराशी चटईवर गुडगुडी ओढत बसली होती. लांब मानेच्या भोपळ्याची ती गुडगुडी तिच्या माहेरची. खाली नदीच्या खोऱ्यात सगळ्या म्हाताऱ्या ओढतात. इथं वर पठारावर लोक वळून बघतात. मालियाला लोकांचं कधीच काही वाटलं नाही.

"आज काय शिकवलं तुझ्या त्या पोरगेल्या मास्तरानं?"

"ढग करायला सांगितलाय."

"कशाचा?"

"कशाचा म्हणजे? ढगाचा ढग, आई."

म्हातारीनं एक झुरका घेतला, नाकातून सोडला. "बरं. तो होईस्तोवर मक्याच्या न्शिमाबरोबर खायला भाजी टाक जरा. नुसता ढग मला गिळायचा नाही."

राहिला बर्फ. मोंझेत तो एकाच बाईकडे होता, लुयांदोच्या आईकडे, आणि तिच्याकडे रोसारियाला जायचं नव्हतं.

लुयांदोची आई आणि रोसारिया एकेकाळी बसथांब्यावर शेजारी बसायच्या. एक बर्फ विकायची, दुसरी भाजलेले शेंगदाणे. एकीला बाहेर जायचं झालं की दुसरी दोन्ही टोपल्या बघायची. मग लुयांदो खाणीत नोकरीला लागला आणि त्यानं आईच्या पत्र्यावर सौर पट्ट्या बसवून दिल्या. रोसारियाचा फ्रीझर बंद पडला, आणि दुसऱ्याच आठवड्यात तिच्या आंब्याच्या झाडाखाली, तिच्याच दगडावर बसून लुयांदोची आई बर्फ विकत होती. रोसारिया त्या दिवशी रस्त्याच्या पलीकडून गेली. तेव्हापासून पलीकडूनच जायची.

शनिवारी दुपारी ती अलीकडून आली. हातात मुलामा उडालेला वाडगा होता.

लुयांदोच्या आईनं तिला येताना पाहिलं आणि उगाच पिशव्या मांडत बसली. रोसारिया समोर येऊन उभी राहिली तरी वर पाहिलं नाही.

"बरी आहेस?" रोसारिया म्हणाली.

"बरी आहे. तू?"

"बरी."

"म्हातारी?"

"तीही बरी. बर्फ हवा होता थोडा."

आता लुयांदोच्या आईनं वर पाहिलं. "बर्फ? तुला? अगं, माझ्या मेलीचा आज दिवस कुठून उगवला! कोणाला ताप आलाय का?"

"ताप नाही. शाळेचं आहे."

"शाळेत बर्फ खातात?"

रोसारियानं इकडेतिकडे पाहिलं. बस नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं. "ढग करायचाय," ती म्हणाली.

लुयांदोची आई थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ही टोमणा मारतेय की खरं बोलतेय ते तिला कळेना. "कोणाच्या डोक्यावर?" तिनं अखेर विचारलं.

"बरणीत."

"बरणीत." ती उठली, पेटीचं झाकण उघडलं, आतले दोन मोठे खडे काढले, गोणपाटात गुंडाळले. रोसारियानं वाडगा पुढे केला. तो तिनं बाजूला सारला आणि गोणपाट स्वतःच्या डोक्यावर घेतलं. "चल."

"तू कुठे?"

"बर्फ माझा आहे. माझा बर्फ कुठे जातो, काय होतो, ते मी बघणार. आणि उद्या अख्खं गाव म्हणालं की चूलवेची आई उन्हानं वेडी झाली, तर साक्षीला कोण राहील?"

"दुकान?"

"हा कोंबडा बघेल," ती म्हणाली. तिथं खरंच एक कोंबडा होता.

दोघी रूळ ओलांडून चालत निघाल्या. सप्टेंबरचं ऊन. बर्फाचं पाणी लुयांदोच्या आईच्या कपाळावरून ओघळत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ती बोलत होती. लुयांदोच्या बायकोबद्दल, खाणीतल्या खोकल्याबद्दल. रोसारिया ऐकत होती. मध्येच लुयांदोची आई म्हणाली, "त्या दगडावर मी बसले नसते तर दुसरी कोणी बसली असती."

"ठाऊक आहे," रोसारिया म्हणाली.

"मग बोलायचं होतंस."

"तू विचारायचं होतंस."

पुढे रस्ताभर चालताना दोघींचे खांदे लागत होते.

शेगडीवर पाणी उकळलं. रोसारियानं बरणी पुसून घेतली, तळाशी पाणी ओतलं, हलवून काच आतून ओली केली, झाकण उलटं ठेवून त्यात बर्फ घातला. तिघी वाकून बघत राहिल्या. काच धुरकट झाली. झाकणाच्या खालच्या बाजूला थेंब धरले. बाकी काही नाही.

"झाला?" लुयांदोच्या आईनं विचारलं.

"नाही बहुतेक."

"असं तर माझ्या भांड्याच्या झाकणाला रोज होतं," मालिया म्हणाली. "मला कोणी दाखला दिला नाही."

रोसारिया मागे सरकून बसली. मालगाडीखाली गेलेलं वाक्य तिला आता हवं होतं. मागच्या धड्यात सरांनी सांगितलं होतं की वाफेला बसायला काहीतरी लागतं. हवेतली धूळ, मीठ, राख. पाखराला फांदी लागते तसं. बरणी तर तिनं लख्ख पुसून घेतली होती. वाफ बसणार कुठे?

तिनं सासूच्या हाताकडे पाहिलं.

"आई, एक झुरका यात सोडा."

"यात? लोणच्याच्या बरणीत?"

"सोडा ना."

म्हातारीनं गुडगुडी तोंडाला लावली, आत गुडगुड झालं, आणि रोसारियानं झाकण उचलल्याबरोबर तिनं लांब, हळू फुंकर घातली. झाकण पुन्हा बसलं. बरणीत पांढरं काहीतरी जमायला लागलं. आधी बर्फाखाली, मग तिथून खाली उतरत, स्वतःभोवती वळत, दाट होत.

"आला!" रोसारिया ओरडली.

"काय आला? धूर आहे तो," लुयांदोची आई म्हणाली. "तिनं फुंकला, मी बघत होते. धूर टाकला, धूर दिसतोय. असा ढग मी पण करीन, चूल पेटवून."

रोसारियाचा चेहरा उतरला. हे मंगळवारी मूनो गवंडीही म्हणणार होता. आणि तिला स्वतःला तरी कुठे नक्की माहीत होतं? ती बराच वेळ बरणीकडे बघत बसली. मग उठून आत गेली आणि मुरंब्याची दुसरी बरणी घेऊन आली.

"आणखी कशाला?" सासू म्हणाली.

"हिच्यात पण गरम पाणी. हिच्यात पण झुरका. फक्त बर्फ नाही. दोन्हींत धूरच असेल तर दोन्ही सारख्या दिसतील."

लुयांदोच्या आईनं गोणपाट ओढून घेतलं. उरलेला बर्फ तिनंच फोडला. पहिल्या बरणीतलं पाणी बदललं. मालियानं एका बरणीत झुरका सोडला, दुसरीत तेवढाच, आणि खोकत म्हणाली, "तुमच्या शाळेपायी माझी तंबाखू संपणार."

बर्फ नसलेल्या बरणीत धूर निळसर, विरळ राहिला, पलीकडची शेगडी त्यातून दिसत होती. बर्फाखालच्या बरणीतून काही दिसत नव्हतं. ती पांढरी झाली होती.

लुयांदोची आई दोन्ही बरण्यांकडे आळीपाळीनं बघत राहिली. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "हा तर वेगळाच आहे."

रोसारियाला हसू आलं आणि रडूही. तिनं दोन्ही आवरलं. झाकण उचललं. ढग बरणीच्या तोंडाशी आला, काठावरून ओसंडला आणि हवेत विरायला लागला. म्हातारीनं त्यात तळहात धरला. ढग गेला तरी हात तिथंच.

"नदीवर असंच होतं," ती म्हणाली.

"कुठल्या नदीवर, आई?"

"आमच्या. करिबाचं धरण बांधलं, पाणी चढणार म्हणून ट्रक आले होते आम्हाला न्यायला. भल्या सकाळी. थंडीचे दिवस. कोंबड्या, मडकी, सगळं वर चढवलं. मी सगळ्यात शेवटी. ट्रक निघाला तशी आई म्हणाली, वळून बघून घे, पुन्हा दिसायचं नाही. मी वळले." तिनं बरणीकडे बोट केलं. "एवढंच दिसलं. पांढरं. घर दिसलंच नाही मला."

रोसारिया या बाईबरोबर वीस वर्षांहून जास्त राहत होती. गावावर पाणी आलं हे तिला माहीत होतं, ते सगळ्यांनाच माहीत आहे. हे तिला माहीत नव्हतं.

"पुन्हा कर," सासू म्हणाली.

झाकणात नुसतं पाणी उरलं होतं. "बर्फ संपला, आई."

"हं," म्हातारी म्हणाली, आणि गुडगुडी झाडायला लागली.

मंगळवारी वर्गात बहुतेकांनी ढग केला नव्हता. बर्फच कुठे होता? रोसारिया उभी राहिली आणि दोन बरण्यांचं सांगितलं. सरांनी तिला मध्ये थांबवून विचारलं, "दुसरी बरणी घ्यायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, सर. एक बाई भांडत होती."

सर खिडकीला टेकून राहिले आणि म्हणाले, "पुन्हा सांगा. सगळ्यांनी लिहून घ्या." मूनोनंही लिहून घेतलं, त्याला एवढंच विचारायचं होतं की थेंब पडला का. पडला नाही, असं तिनं खरं ते सांगितलं. पुढे परीक्षेत गणितानं तिला दमवलं, पण ती पास झाली. धुलाईखान्यातली जागा तोवर दुसऱ्या कोणाला गेली होती. तिला नव्या वर्षात प्रसूती विभागात सफाईला घेतलं.

पण मला सांगायचंय ते त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशीचं, बुधवारचं. बुधवारी सकाळी, पहिली बस यायच्या आधी, लुयांदोची आई रोसारियाच्या दारात आली. डोक्यावर गोणपाट.

"आता काय?" रोसारियानं विचारलं. "शाळा झाली की."

"शाळेसाठी नाही," ती म्हणाली आणि आवाज खाली आणला. "म्हातारी उठली का?"

दोघींनी पाणी उकळलं, बरणी चटईपाशी ठेवली, झाकणात बर्फ भरला. मालियानं फुंकर घातली. पांढरं जमायला लागलं तशी ती म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा गं पोरींनो."

दोघी पायरीवर जाऊन बसल्या. ऊन अजून चढलं नव्हतं. रुळांपलीकडे बसचा भोंगा वाजला, मग आणखी एकदा.

"गिऱ्हाईक जाईल तुझं," रोसारिया म्हणाली.

"जाऊ दे," लुयांदोची आई म्हणाली, आणि पाय लांब करून बसली.